नॉर्मल डिलिव्हरीसाठी शरीराची आणि मनाची तयारी कशी केलीत? (३२ वा आठवडा)

पहिलटकरीण

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसती वाचते, आज पहिल्यांदाच लिहितेय. वय २९, पुण्यात आयटीत आहे म्हणजे दिवसाचे नऊ तास खुर्चीत. ३२ वा आठवडा चालू आहे, रिपोर्ट सगळे ठीक, हिमोग्लोबिन मध्ये १०.२ वर गेलं होतं ते गोळ्या घेऊन ११.३ झालंय, बाळाचं डोकं सध्या खाली आहे असं सोनोग्राफीत दिसलं. डॉक्टर म्हणाल्या नॉर्मल व्हायला काही अडचण दिसत नाही, बघू. हे जे "बघू" आहे ना त्यावर मी गेले चार दिवस झोपले नाहीये.

घरात प्रत्येकाचं वेगळंच. सासूबाई म्हणतात रोज खाली बसून फरशी पूस आणि नववा लागला की रात्री दुधात दोन चमचे तूप घालून पी, बाळ सटकन बाहेर येतं. आई म्हणते काही करू नकोस, पडून रहा, माहेरी आलीस की बघते. ऑफिसातली मैत्रीण म्हणते उगाच शहाणपणा करू नको, एपिड्युरल (कळा कमी जाणवाव्यात म्हणून पाठीत देतात ती भूल) घे आणि मोकळी हो. आणि एका क्लासच्या बाईंनी फोनवर अठरा हजार फी सांगून "आमच्या शंभर टक्के बायका नॉर्मल होतात" असंही ऐकवलं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या (एनएफएचएस-५, २०१९-२१) आकड्यांत खाजगी दवाखान्यातली ४७.४ टक्के बाळंतपणं सिझरची आहेत, मग ह्यांच्याकडेच सगळ्या कशा काय नॉर्मल होतात?

मी साधं रक्त काढतानासुद्धा नवऱ्याचा हात दाबते हो. कळा कशा सहन होणार? खरंच काय केल्याने उपयोग होतो आणि काय नुसतं बोलायचं असतं, ते अनुभवी लोकांनी सांगा प्लीज.

ठाणेकरीण

आधी अभिनंदन आणि रात्री बाळंतपणाचे रील्स बघणं आजपासून बंद. हे मी गंमतीत नाही म्हणत, मी तेच करायचे आणि ३६ व्या आठवड्यात बीपी वाढून बसलं होतं.

माझी नॉर्मल झाली, पहिली कळ ते बाळ हातात एकूण २२ तास. आता हा आकडा ऐकून घाबरू नकोस कारण त्यातले पहिले बारा-तेरा तास मी घरीच होते, अंघोळ केली, दहीभात खाल्ला, मधे झोपही लागली. कुणीच सांगत नाही की पहिलटकरणीला सुरुवातीच्या कळा कितीतरी वेळ नुसत्या येतजात राहतात आणि पिशवीचं तोंड अगदी हळूहळू उघडतं. मी पहिल्यांदा धावतपळत गेले तेव्हा २ सेंटीमीटर. सिस्टर हसल्या आणि म्हणाल्या घरी जा, जेव, फिर. इतका राग आला होता! पण बरोबर होतं त्यांचं. कळांचा खरा जोर ५ सेंटीमीटरपासून पुढे धरायचा असं जागतिक आरोग्य संघटनेनेच २०१८ साली सांगितलंय, आणि तासाला एक सेंटीमीटर उघडलंच पाहिजे हा हिशोब प्रत्येकीला लावू नये असंही. आमच्या डॉक्टरांनी दिलेला हिशोब असा होता की कळा पाच-पाच मिनिटांवर, प्रत्येक कळ साधारण एक मिनिटाची आणि असं तासभर चाललं की निघा. पण पाणी गेलं, रक्त गेलं किंवा बाळ हलायचं कमी झालं तर काहीच मोजत बसायचं नाही, त्या क्षणी निघायचं. आणि पाणी हिरवट दिसलं तर कपडेसुद्धा बदलत बसू नका. तुझं घर लांब असेल तर तुझा हिशोब वेगळा असेल, तो विचारून घे.

आता मुख्य सांगते. मी व्यायाम-बियाम केला पण माझ्या मते सगळ्यात कामाची तयारी म्हणजे ३४ व्या आठवड्यात एक कागद घेऊन डॉक्टरांकडे गेले ती. कळांच्या वेळी सोबत कोण थांबू शकतं? मला चालू-फिरू द्याल का की आडवंच पडायचं? पाणी, सरबत प्यायचं का? टाके सगळ्यांनाच घालता का गरज असेल तरच कट घेता? तारीख उलटली तर किती दिवस थांबता? कळांचं सलाईन कधी लावता? आमच्या दवाखान्यात नवरा आत चालत नाही म्हणाले, एक बाई चालेल. मग मी आईला नाही, माझ्या मोठ्या नणंदेला नेलं. कारण आई माझ्याआधी रडली असती. नणंद दर कळेला कमरेवर मुठीने असं काही दाबायची की अजून तिचे हात आठवतात. सोबत कोण हा प्रश्न लहान वाटतो पण शेवटपर्यंत एकच ओळखीचं माणूस जवळ असलं की नॉर्मल व्हायची शक्यता वाढते, हे अभ्यासांतूनही दिसलेलं आहे.

तू कोणाला नेणार आहेस?

फिजिओताई

मी फिजिओथेरपिस्ट आहे, गरोदर बायकांबरोबर रोजचं काम, त्यामुळे जरा लांबेल, सांभाळून घ्या.

शंभर टक्के नॉर्मलची हमी देणाऱ्यांना लांबून नमस्कार कर. बाळाचं डोकं कसं वळतं, वार कुठे आहे, ठोके कसे राहतात, हे कुठल्याच क्लासच्या हातात नसतं. आपल्या हातात आहे ती ताकद, लवचिकपणा आणि श्वास.

चालणं: आठवड्याला मिळून १५० मिनिटं, म्हणजे रोजचा अर्धा तास आणि दोन दिवस सुट्टी. चालताना बोलता आलं पाहिजे, धाप लागली तर वेग कमी. ऑफिसात दर पाऊण तासाला उठून पाणी भरून आण, नाहीतर सकाळच्या अर्ध्या तासाचं पुण्य खुर्चीच खाऊन टाकते. सोफ्यात रेलून बसणं कमी कर, गुडघ्यापेक्षा कंबर थोडी वर राहील असं बस, त्यासाठी मोठा व्यायामाचा बॉल छान, उंचीप्रमाणे ५५ किंवा ६५ सेंटीमीटरचा.

फरशी पुसण्याबद्दल, सासूबाई अगदीच चूक नाहीत. ओणवं होऊन, हातागुडघ्यांवर, पोट खाली सोडून राहिलं की पाठीला आराम पडतो, मांड्यांचे सांधे मोकळे राहतात. पण तोच फायदा मार्जारासनात मिळतो आणि ओल्या फरशीवर घसरायची भीती नाही. उकिडवं बसणं चांगलं, भिंतीला पाठ टेकून किंवा दाराचं हँडल धरून. मात्र वार खाली असेल, रक्त जात असेल किंवा बाळ पायाळू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय खोल बसू नकोस.

आणि आता जे बहुतेकींना कुणी सांगत नाही ते. सगळ्याजणी आवळण्याचा व्यायाम करतात, लघवी धरल्यासारखा. करा. पण बाळ बाहेर येताना तो भाग आवळून नाही, सैल सोडून चालतो! तो सोडायचा सरावही करायला हवा. युक्ती अशी की जबडा सैल सोड, ओठ ढिले, खांदे खाली, आणि श्वास लांब सोडताना गरम चहावर फुंकर घालतो तशी हळू फुंकर. दात आवळलेले असले की खालीही आवळलेलंच राहतं, आत्ता वाचता वाचता करून बघ. रोज रात्री दहा मिनिटं कर, आणि एक सांगू, फ्रिजमधला बर्फाचा खडा मुठीत धरून एक मिनिट तसाच श्वास घेऊन बघ. कळ म्हणजे काय ते त्यातून अजिबात कळत नाही, पण एक मिनिट संपतं हे कळतं आणि मधल्या वेळात शरीर सोडून द्यायची सवय लागते.

३४-३५ व्या आठवड्यापासून योनीमार्गाच्या खालच्या बाजूला स्वच्छ हाताने, नखं कापून, खोबरेल लावून आठवड्यातून एक-दोनदा हलकं मालिश केलं तर पहिल्या खेपेला टाक्यांची गरज थोडी कमी होते. लाजायचं काही नाही, पण आधी डॉक्टरांना विचार, इन्फेक्शन वगैरे असेल तर नाही करायचं.

आणि झोपताना कुशीवर, उताणं नाही.

घाटावरची

पोरी, मी ६४ वर्षांची, तीन लेकरं, १९८३ ते ८९. पहिलं गावी, सुईणीच्या हातचं. दुसरं आणि तिसरं तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात, कारण मी हट्टच धरला.

का धरला ते ऐक. "पूर्वीच्या बाया शेतात काम करता करता बाळंत व्हायच्या" हे आता सगळे कौतुकाने सांगतात, पण माझ्या शेजारची एक अशीच बाळंत झाली आणि वार पडली नाही, रक्त थांबेना, बैलगाडी जुंपेपर्यंत गेली. तिच्या गोष्टी कुणी सांगत नाही कारण सांगायला ती राहिली नाही. तेव्हा जुन्यांचं सगळं घेऊ नका, निवडून घ्या.

तुपाचं म्हणशील तर खा बाई, आवडतं तर खा, वरणभातावर घालून खा. पण तूप पोटात जातं आणि बाळ असतं पिशवीत, दोन्हीच्या वाटा वेगळ्या, तूप खाऊन वाट काही बुळबुळीत होत नाही. वजन तेवढं वाढतं. सासूबाईंना हे सांगू नकोस, एक चमचा घे आणि हो म्हण :) पण कुणी एरंडेल दिलं तर मात्र घेऊ नकोस. माझ्या जावेला दिवस भरल्यावर दिलं होतं, कळा राहिल्या बाजूला, रात्रभर जुलाब होऊन अंगातलं त्राणच गेलं आणि दुसऱ्या दिवशी खऱ्या कळा आल्या तेव्हा जोर द्यायला जीव नाही.

सुईणीची एक गोष्ट मात्र घेण्यासारखी होती. ती मला झोपू द्यायची नाही. घरात फिरवायची, जात्याच्या खुंट्याला धरून उभी करायची, ओणवी करायची, आणि सारखी बोलत राहायची, "आली आली, गेली बघ, गेली." प्रत्येक कळेला. ते "गेली बघ" अजून कानात आहे.

आणि डोहाळजेवणाला येणाऱ्या बाया आपापल्या बाळंतपणाच्या भयंकर गोष्टी सांगायला लागल्या की सरळ उठून आत जा. पोट आलंय, तेवढा मान आहे तुला.

टाकेवाली

हा धागा बघून लिहू की नको असं दोन दिवस चाललं होतं. लिहिते.

मी वरचं सगळं केलं होतं. सगळं. प्रीनेटल योगा, बॉल, श्वास, ३६ व्या आठवड्यापासून रोज सहा खजूर, मालिश, कागदावर प्रश्न. गर्भसंस्काराच्या ग्रुपवर मी इतरांना सल्ले द्यायचे. आठ सेंटीमीटरपर्यंत छान गेले आणि मग बाळाचे ठोके पडायला लागले, कुशी बदलली, ऑक्सिजन लावला, पुन्हा पडले. वीस मिनिटांत मी ऑपरेशन टेबलवर. मुलगी उत्तम आहे, आता तीन वर्षांची, हे लिहिताना माझ्या पाठीवर बसली आहे.

पण नंतरचे चार महिने मी कुणाला सांगितलं नाही असे गेले. भेटायला येणारं प्रत्येक माणूस बाळाचं नाव विचारायच्या आधी "नॉर्मल की सिझर?" विचारायचं. आणि सिझर म्हटलं की एक सुस्कारा. एक मावशी तर म्हणाली, हल्ली मुलींना त्रास नको असतो. अगं, मला दोन्ही त्रास झाले की! ग्रुपवरून मी गुपचूप बाहेर पडले कारण तिथे नॉर्मल झालेल्यांनाच फुलं आणि टाळ्यांच्या इमोजी मिळायच्या.

म्हणून तुला एवढंच, मनाची तयारी करतेस ना, मग त्यात दहा मिनिटं ह्याचीही कर. सिझर झालंच तर नवरा कुठे असेल, बाळ पहिल्यांदा कोणाच्या हातात देतील, माझ्या अंगावर लगेच ठेवतील का, दूध किती वेळात पाजता येईल, हे ३४ व्या आठवड्याच्या त्या कागदावर खाली लिहून ठेव. मी ते पान कोरं ठेवलं होतं, अपशकुन नको म्हणून. आणि तो श्वास वाया गेला नाही हां, पाठीत सुई देताना हलायचं नसतं आणि तेव्हा कळाही चालू असतात, त्या दोन मिनिटांत मला त्या चहाच्या फुंकरीनेच तारलं.

अजून एक, नाळ गळ्याभोवती आहे असं सोनोग्राफीत आलं तर लगेच रडायचं नाही. साधारण चार-पाच बाळांमागे एकाची असते आणि बहुतेक नॉर्मल होतात. माझ्या मुलीची तर नव्हतीही.

एकबाप

नवऱ्यांतर्फे थोडक्यात. फाईल, रक्तगट, विम्याचं कार्ड, दोघांचे आधार एकाच पिशवीत आणि पिशवी गाडीत. दवाखान्याचं रात्रीचं गेट दुसरीकडे असतं, आधी बघून या, मी बंद गेटसमोर पहाटे तीनला हॉर्न वाजवत होतो. कळा मोजायचं ॲप असतं, ते तिने नाही, आपण चालवायचं. आणि "अजून थोडंसंच राहिलंय" हे वाक्य अजिबात वापरू नये. मी वापरलं. अजून ऐकवलं जातं.

डचवहिनी

मी नेदरलँड्समध्ये आइंडहोवनला असते, इथला अनुभव वेगळा म्हणून लिहिते, तुलना करायला नव्हे. इथे सगळं ठीक असेल तर डॉक्टर भेटतच नाही, सगळं सुईण बघते, म्हणजे शिकलेली, परवाना असलेली मिडवाइफ. घरीही बाळंत होता येतं आणि बऱ्याचजणी होतात. पण घाटावरच्या काकूंनी सांगितलं तसं नाही, काही बिनसलं तर ॲम्ब्युलन्स आणि हॉस्पिटल दोन्ही हाताशी असतात, म्हणूनच ते जमतं, त्यामुळे भारतात बसून ह्याची नक्कल करू नका. घरी नसाल होणार तरी पलंगाखाली ठोकळे लावून तो उंच करायला लावतात, नंतर घरी येऊन तपासणाऱ्या बाईची पाठ दुखू नये म्हणून! आमचा पलंग तीन महिने तसाच होता, मी स्टूलवर चढून झोपायचे.

एपिड्युरल मी आधी नको म्हटलं होतं, सोळाव्या तासाला मागितलं. काहीही हरल्यासारखं वाटलं नाही, दीड तास झोपले आणि मग जोर द्यायला ताकद आली, नॉर्मलच झाली. त्याने सिझर वाढतं असं लोक म्हणतात पण तसं नाहीये, जोर द्यायचा वेळ थोडा लांबू शकतो एवढंच. तेव्हा तुझ्या मैत्रिणीचा सल्लाही अगदी फेकून देऊ नकोस, फक्त तुझ्या दवाखान्यात भूलतज्ज्ञ रात्री असतात का ते विचार.

आणि हो, बाळ झाल्यावर आठवडाभर घरी एक मदतनीस येते, बाळाला न्हाऊ घालणं, दूध पाजायला शिकवणं, पाहुण्यांना चहा. त्या चहाबरोबर टोस्टवर ॲनिसच्या (आपल्या बडीशेपेसारखे दाणे) साखरगोळ्या घालून देतात, त्याने दूध चांगलं येतं असं मानतात म्हणून. आईने बाळंतशोपेचा डबा पाठवलाच होता, दोन्ही टेबलावर शेजारी ठेवून मी आणि ती डच बाई खूप हसलो.

पहिलटकरीण

सगळ्यांना खूप खूप धन्यवाद, रात्री एक वाजता वाचायला बसले आणि मधेच कधी दात आवळलेले सोडले कळलंच नाही.

आज तपासणी होती, कागद घेऊन गेले. डॉक्टर आधी म्हणाल्या एवढं काय लिहून आणलंयस, पण मग खुर्ची ओढून बसल्या. नवरा चालतो, मात्र एका वेळी एकच जण. चालू-फिरू देतात. कट सगळ्यांना घेत नाहीत म्हणाल्या, हे लिहून घेतलं. भूलतज्ज्ञ बोलावल्यावर अर्ध्या तासात येतात, एपिड्युरलचं आधी सांगावं लागेल. खजुराचं विचारलं तर म्हणाल्या शुगर नॉर्मल आहे, खा, पण त्याच्या भरवशावर राहू नको. आणि टाकेवाली, तुमचं पान मी शेवटी वाचून दाखवलं. सिझर झालं तरी बाळ लगेच छातीवर ठेवतात का म्हणून. त्या जरा थांबल्या आणि म्हणाल्या, बाळ ठीक असेल तर ठेवू, तू तेव्हा आठवण कर, गडबडीत राहून जातं. तर ते काम नवऱ्याला दिलंय, त्याने मोबाईलमध्ये रिमाइंडरच लावलाय, कुठल्या तारखेचा ते त्यालाच माहीत.

सोबत कोण ते अजून ठरत नाहीये. नवरा रक्त बघून चक्कर येणारा प्राणी आहे. आईला विचारलं तर ती म्हणाली मी बाहेर जप करत बसते. सासूबाईंनाच विचारावं का असं कालपासून डोक्यात आहे, तूप सोडलं तर त्या तशा धीराच्या आहेत.

एक शेवटचं, ६५ चा बॉल कोथरूड-कर्वेनगर भागात कुणाकडे पडून आहे का? नवीन घ्यायचा तर नंतर घरात ठेवायला जागा नाही.

घाटावरची

सासूलाच ने. तीन दिवस तुपाचं नाव काढणार नाही बघ.

टाकेवाली

बॉल माझ्याकडे आहे, वारज्यात, मुलीने त्यावर स्केचपेनने मांजर काढलंय ते जात नाही. शनिवारी घेऊन जा. पंप हरवलाय, सायकलच्या दुकानात हवा भरून मिळते.